साथ येण्याआधीची वर्षं

६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसं दगावली. इन्फ्लुएन्झाच्या दुसऱ्या लाटेचा तो कळस होता. जून महिन्यात गोदीवर पहाऱ्याला असलेल्या काही पोलीस शिपायांना ताप आला, तेव्हा पावसाळ्यातलं दुखणं म्हणून कुणी तो फारसा मनावर घेतला नाही. सप्टेंबरात तोच ताप परतला तो न्यूमोनिया घेऊन. त्या साथीतल्या मुंबईच्या मृत्यूंचे आकडे जमातवार नोंदलेले आहेत. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि त्या तक्त्यात ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलंय, त्यांच्यात ६१.६.

शहर एक, आठवडे तेच, रोगही तोच. तरी साहेबापेक्षा त्याच्या दारातला झाडूवाला मरण्याची शक्यता सातपटीहून जास्त.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला १९३३ साली. १९१८ मध्ये त्यावर लस नव्हती, प्रतिजैविकं नव्हती, अतिदक्षता विभाग ही कल्पनाही नव्हती. डॉक्टरच्या बॅगेत क्विनाइन, अ‍ॅस्पिरिन आणि धीराचे चार शब्द. त्यामुळे श्रीमंतांना औषध मिळालं आणि गरिबांना मिळालं नाही, असं म्हणून आपल्याला मोकळं होता येत नाही. रोगावरचं औषध कुणाकडेच नव्हतं. मग हा सातपटीचा फरक आला कुठून?

तो घरातून आला, ताटातून आला, आणि आजारपणात अंथरुणाला पाठ टेकवायची मुभा कुणाला होती यातून आला. त्या काळच्या मुंबईत दहातली जवळजवळ सात माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहायची. गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत नवरा-बायको, मुलं, गावाहून आलेला चुलतभाऊ आणि भाड्याला हातभार म्हणून ठेवलेले दोघे. खोकणाऱ्याला बाजूला निजवायचं म्हटलं तर बाजू कुठली? नळ चाळीला मिळून एक, संडासही सामाईक. तापानं फणफणलेल्या माणसाला पाच-सहा दिवस कुणी पाणी पाजलं, पेज भरवली, घामानं भिजलेले कपडे बदलले, कुशीवर वळवलं, तर तो न्यूमोनियातूनही कधीकधी उठतो. पण हे करायला घरात एक माणूस मोकळं लागतं. एकटे गिरणी कामगार तर खानावळीत जेवत. खानावळ चालवणारी बाई तापानं पडली की तिच्या पंगतीला बसणाऱ्या सगळ्यांचंच जेवण बंद. त्यांतला जो आधीच आजारी असेल, त्याला पेज कोण देणार? हिंदुस्थानात त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या, त्याचं एक कारण हेच सांगतात: उस्तवार करणारीनं स्वतःचा ताप अंगावर काढला.

खेड्यांतलं चित्र आणखी वाईट होतं. १९१८ चा मान्सून दगा देऊन गेला होता. युद्धामुळे धान्य आधीच महागलेलं. सरकारी डॉक्टर मोठ्या संख्येनं आघाडीवर गेलेले. पोटं रिकामी आणि गावात दवाखाना नाही, अशा मुलखात साथ शिरली. इन्फ्लुएन्झानं डेन्मार्कमध्ये शंभरातली ०.२ माणसं नेली. हिंदुस्थानात ४ हून अधिक. आणि मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणजे आजच्या विदर्भाचा समावेश असलेल्या त्या प्रांतात, ७.८. डेन्मार्कच्या जवळजवळ चाळीसपट. देशभरातले मृत्यू सव्वा कोटी ते पावणेदोन कोटींच्या घरात धरले जातात. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं, की ज्यात या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या साथीला दोन ओळीही सहसा मिळत नाहीत. ज्यांचे आजे-पणजे त्यात गेले, त्यांच्याकडे लिहायला लेखणी नव्हती.

वर दिलेली प्रांतवार टक्केवारी ज्या अभ्यासातली आहे, तो ख्रिस्तोफर मरे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं, की देशादेशांतल्या मृत्युदराच्या फरकाचा मोठा भाग दरडोई उत्पन्नावरून समजतो. तशीच साथ आज आली तर जगभरातल्या मृत्यूंपैकी ९६ टक्के विकसनशील देशांत होतील, असं त्यांचं गणित होतं.

अशा आकड्यांवरून एक सोपा निष्कर्ष निघतो आणि मला तो अर्धवट वाटतो. गरीब देशांत गरीब माणसं मरणारच, जगाची रीतच आहे, आधी गरिबी हटवा मग बाकीचं बघू, असा तो निष्कर्ष. माझं म्हणणं वेगळं आहे. गरिबी माणसाला साथीच्या तोंडी देते हे खरंच. पण साथीनं त्यातली किती माणसं न्यायची, हे बऱ्याच अंशी साथ येण्याआधीच्या शांत वर्षांत गावाच्या पातळीवर काय उभं केलं होतं त्यावर ठरतं. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की सरकारांचं फावतं. गरिबीकडे बोट दाखवून दवाखान्याबद्दलचा प्रश्न टाळता येतो.

आधी गरिबीचंच बघू. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली, ती त्याच मध्यरात्रीपासून. चार तास. घरातच थांबा, अंतर ठेवा, हात धूत राहा, लक्षणं दिसली तर वेगळ्या खोलीत राहा. प्रत्येक सूचना वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक होती. आणि प्रत्येक सूचनेनं ऐकणाऱ्याकडे काहीतरी आहे असं गृहीत धरलं होतं: वेगळी खोली, घरात नळ, आठ-पंधरा दिवस पुरेल इतकं धान्य आणि पैसे, आणि परत गेल्यावर वाट पाहणारी नोकरी. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याकडे यांतलं एकही नसतं. घरी थांबणं हे त्याच्यासाठी आरोग्याचं नसून उपासमारीचं कलम होतं. उसाच्या फडात अडकलेल्या लाखाहून अधिक तोडणी कामगारांना आपल्या गावी परतायची परवानगी मिळायला १७ एप्रिल उजाडला. तोवर कोपीत, चिपाडाच्या आडोशाला, ‘घरातच थांबा’. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यांचा मृत्यू कोविडच्या कुठल्याही तक्त्यात नाही. त्यांना साथीनंच मारलं, असं मी धरतो.

धारावीची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा अडीच चौरस किलोमीटरहून कमी जागेत राहणाऱ्या आठ-दहा लाखांचं काय होणार, या विचारानं मुंबईला घाम फुटला होता. बहुतेक कुटुंबं सार्वजनिक शौचालय वापरणारी. सकाळी एकाच कडीला शेकडो हात लागणार. विलगीकरण कसलं करता? जुलैपर्यंत मात्र साथ आटोक्यात आली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं. त्यानंतर आपल्याकडे एक कुजबुज सुरू झाली. झोपडपट्टीतल्या लोकांची प्रतिकारशक्तीच दांडगी, त्यांना काही होत नाही, घाणीत राहून राहून ते तयार झालेले असतात. बंगल्यातून असं म्हणणं फार सोयीचं असतं.

जे प्रत्यक्षात घडलं ते दोन भागांचं होतं. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना विषाणू आधीच शिवून गेला होता. त्याच वॉर्डांतल्या इमारतींत १६ टक्क्यांना. गरिबी माणसाला साथीच्या किती जवळ नेऊन उभी करते, याचं याहून स्वच्छ मोजमाप मला ठाऊक नाही. त्या मानानं मृत्यू कमी दिसले, हे खरं. वस्तीतलं सरासरी वय कमी, हे त्याचं एक कारण. मृत्यूंची नोंद किती धड झाली, हा दुसरा प्रश्न. आपल्या देशात नोंदवल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी पाचातल्या जेमतेम एकाचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं असतं. जो डॉक्टरपर्यंत पोचलाच नाही, तो कशानं मेला हे कागद कसं सांगणार? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतले भारतातले साथीशी निगडित जादा मृत्यू ४७ लाखांच्या आसपास धरले. सरकारी आकडा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा होता आणि सरकारनं तो अंदाज धुडकावला. कोण बरोबर, यावर तज्ज्ञ भांडोत. एवढा मोठा वाद घालायला जागा राहते, हीच मुळात कमकुवत यंत्रणेची खूण आहे.

दुसरा भाग कौतुकाचा आणि तो खरा आहे. धारावीत महापालिकेनं रुग्ण दवाखान्यात यायची वाट पाहिली नाही. वस्तीतच दवाखाना थाटून बसलेले खाजगी डॉक्टर, ज्यांच्यावर लोकांचा आधीपासून विश्वास होता, ते पीपीई किट घालून गल्लीबोळांतून फिरले. घरी विलगीकरण शक्य नाही हे मान्य करून शाळा आणि क्रीडासंकुल ताब्यात घेतलं. तिथे तीन वेळचं जेवण दिलं. शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली. यातली कुठलीही गोष्ट क्रांतिकारक नाही. १९१८ च्या चाळीत जे नव्हतं तेच पुरवलं गेलं: निजायला वेगळी जागा, आयतं जेवण आणि विचारपूस करणारं माणूस. गरिबी होती तिथेच होती. तिच्यात आणि मृत्यूत अंतर पाडणारं काहीतरी मध्ये येऊन उभं राहिलं.

पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली हेच अधिक भीषण रूपात दिसलं. इबोलाची ती साथ गिनीमधल्या मेलियांदू या खेड्यात एका लहान मुलाच्या मृत्यूपासून सुरू झाली, डिसेंबर २०१३ मध्ये. रोग इबोला आहे हे कळायला मार्च उजाडला. तीन महिने माणसं मरत होती, नातेवाईक प्रेतं धुऊन पुरत होते, नर्सेस हातमोज्यांशिवाय रुग्ण हाताळत होत्या. लायबेरियात यादवी युद्धानंतर त्रेचाळीस लाख लोकांमागे उणेपुरे पन्नास डॉक्टर उरले होते. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन मिळून ११,३०० हून अधिक माणसं गेली. लायबेरियानं आपल्या डॉक्टर-नर्स-सुईणींपैकी सुमारे ८ टक्के गमावले. आधीच विरळ असलेली फळी साथीनंच कापून काढली आणि मग मलेरिया, गोवर, बाळंतपणं यांना बघायला कुणी राहिलं नाही.

२०१४ च्याच जुलैत लायबेरियाहून विमानानं एक रुग्ण नायजेरियातल्या लागोसला उतरला. लागोस म्हणजे मुंबईच्या तोडीचं गर्दीचं, झोपडपट्ट्यांचं शहर. सगळ्यांना वाटलं, आता आगडोंब. नायजेरियात एकूण २० रुग्ण सापडले, ८ गेले, आणि साथ संपली. डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांनी दबाव झुगारून त्या पहिल्या रुग्णाला रुग्णालयाबाहेर सोडलं नाही. त्यांना स्वतःला लागण झाली आणि त्या वारल्या. त्यांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. पण धैर्यानंतर काय लागतं तेही बघा. नायजेरियात पोलिओ निर्मूलनासाठी उभं केलेलं एक नियंत्रण केंद्र होतं. घरोघर जाऊन नोंदी ठेवायची सवय झालेली माणसं होती. त्यांनी संपर्कात आलेल्या सुमारे ९०० जणांचा माग काढला आणि त्यांना समक्ष भेटण्यासाठी साडेअठरा हजार फेऱ्या मारल्या. गंमत अशी, की तेव्हा तिथले सरकारी डॉक्टर संपावर होते. म्हणजे आदर्श व्यवस्था वगैरे काही नव्हतं. नायजेरिया गरीबच देश, पण एका जुन्या रोगासाठी कामाला लावलेली माणसं नव्या रोगाच्या वेळी जागेवर होती.

आपल्या नंदुरबारचं उदाहरण याच जातीचं. बहुसंख्य आदिवासी असलेला, सातपुड्याच्या कुशीतला, राज्यात बहुतेक निर्देशांकांत तळाशी राहणारा जिल्हा. पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, तिथे ऑक्सिजन प्रकल्प बसला. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर आणि शेजारच्या साक्री तालुक्यातल्या भिल्ल कुटुंबातले. लाट परत येईल असं धरून त्यांनी जिल्हा नियोजनाच्या निधीतून आणि जिथून मिळेल तिथून पैसा जमवला. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीतली बडी रुग्णालयं ऑक्सिजनसाठी न्यायालयाचे दरवाजे ठोठावत होती, तेव्हा नंदुरबार आपला ऑक्सिजन आपण तयार करत होतं. एका प्रकल्पाचा खर्च कोटी रुपयांच्या आत. एवढा पैसा नाही असा जिल्हा महाराष्ट्रात दाखवा.

पण या उदाहरणाचा जयजयकार करून थांबू नये. चांगला अधिकारी होता म्हणून झालं, नसता तर? जिल्हाधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांत होते. आणि याच नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला आजही बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात. तिकडच्या वार्ताहरांनी त्या झोळीचं ‘बांबूलन्स’ असं नावच पाडलंय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. साथ ही आपल्याकडे आणीबाणी म्हणून हाताळली जाते, आणि आणीबाणीत शासनाला दोनच गोष्टी सुचतात: पोलीस आणि मांडव.

पोलिसांची परंपरा १८९७ पासूनची आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. चार-पाच महिन्यांत साथरोग कायदा आला. अवघ्या चार कलमांचा. सरकारला घरात शिरता येईल, माणसं उचलता येतील, प्रवास अडवता येईल, आणि हे करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही. पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या अंमलाखाली त्याचं काय झालं हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. परिणाम असा झाला, की लोक रुग्ण लपवायला लागले. त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. सावित्रीबाई रुग्ण आणून सोडत. १० मार्च १८९७ ला त्याच रोगानं त्या गेल्या. माणसाला दवाखान्यात आणायचे हे दोन मार्ग तेव्हाच समोर होते. २०२० मध्ये आपण जो कायदा लावला तो तोच, १८९७ चा. सरकारला काय काय करता येईल हे त्यात लिहिलेलं आहे. लोकांसाठी किती खाटा, किती डॉक्टर, किती धान्य ठेवणं सरकारवर बंधनकारक आहे, याबद्दल त्यात अक्षर नाही.

आणि मांडव म्हणजे जम्बो कोविड सेंटर. मुंबईत बीकेसी, गोरेगाव, मुलुंड, पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचं मैदान. आठवड्यांत उभी राहिली. त्यांची गरज होती आणि त्यांनी जीव वाचवले, यात वाद नाही. साथ ओसरली, मांडव उतरले. तीन-तीन महिन्यांच्या आदेशावर घेतलेल्या नर्स, वॉर्डबॉय, लॅब टेक्निशियन यांना घरी पाठवलं गेलं. काल ज्यांच्यावर फुलं उधळली ते आज जिल्हा परिषदेसमोर धरणं धरून बसले. शिकलेली, साथ पाहिलेली, भीती मेलेली ही माणसं हाच खरा साठा होता. तो आपण मांडवाच्या कापडाबरोबर परत पाठवला.

कायमचं काय हवं, हे आपल्याला कळलेलंच नव्हतं असंही नाही. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीनं अहवाल दिला. भोर जन्मानं नाशिकचे. दहा ते वीस हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय असलेलं प्राथमिक केंद्र, हे त्या अहवालाचं दूरचं उद्दिष्ट होतं. आज ऐंशी वर्षं होत आली. सपाटीवर तीस हजार लोकांमागे आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तेही सहा खाटांचं, हा आपला निकष आहे. निकष म्हणजे कागदावरचा. केंद्रावर जाऊन बघितलं तर इमारत असते, रंगही लावलेला असतो, फलकावर पदांची नावं असतात. दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी एक प्रतिनियुक्तीवर, दुसरा आज तालुक्याला मीटिंगला. लॅबवाला आठवड्यातून दोन दिवस, कारण त्याच्याकडे आणखी एका केंद्राचा चार्ज आहे. औषधनिर्माता आहे, औषध संपलंय. मग चिठ्ठीवर एकच शब्द उमटतो: रेफर. ग्रामीण रुग्णालयात रेफर, तिथून सिव्हिलला, सिव्हिलमधून मेडिकल कॉलेजला. प्रत्येक टप्प्यावर गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि हातातून निसटणारे तास. मधेच कुणीतरी सांगतं, खाजगीत टाका. मग मुकादमाकडून उचल, नाहीतर कानातलं गहाण.

या सगळ्यात जे चालतं ते आशाताईंच्या पायांवर चालतं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली तेव्हा त्या दारोदार फिरल्या. पिशवीत ताप मोजायची गन, ऑक्सिमीटर, नोंदवही, सॅनिटायझरची बाटली. तुमच्यामुळेच आमच्याकडे कोरोना येतो, म्हणून काही ठिकाणी त्यांच्या तोंडावर दार आपटलं गेलं. कोविडच्या कामाचे म्हणून केंद्राकडून महिना हजार रुपये, म्हणजे दिवसाला तेहतीस. कागदोपत्री आशा ही कर्मचारी नाहीच, ती स्वयंसेविका. तिला पगार मिळत नाही, कामावर आधारित ‘मोबदला’ मिळतो. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठे सरकारला जाग आली. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला आणि सगळ्यांनी अभिनंदनाचे संदेश पाठवले. सन्मानपत्र भिंतीवर लागतं. किराणा दुकानदार ते घेत नाही.

गावातली साधी बाई काय करू शकते, हेही महाराष्ट्रानंच जगाला दाखवलं होतं. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी, पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी. अल्पशिक्षित गावकरी महिलांनी घरी जाऊन नवजात बाळांचे आजार ओळखले, उपचार केले आणि बालमृत्यू खाली आणले. हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आशा योजनेची मुळं इथेच आहेत. कल्पना उचलली. तिचा मोबदला देताना हात आखडला.

साथीच्या काळात लक्ष जातं ते नव्या रोगाकडे, आणि जुना रोग मागच्या दारानं वसुली करतो. २०१९ मध्ये देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये १८ लाख. क्षय कमी झाला नव्हता. तपासणारी माणसं आणि यंत्रं कोविडकडे वळवली होती, आणि खोकणारा माणूस दवाखान्यात जायला घाबरत होता. ज्या यंत्रणेत एका कामाला एकच माणूस असतो, तिथे दुसरं काम आलं की पहिलं मरतं.

लसीचंही थोडक्यात सांगतो, कारण ती जखम अजून ओली आहे. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना मोबाइलवर आगाऊ नोंदणी सक्तीची झाली. शहरातली मुलं लॅपटॉप उघडून खेड्यातल्या केंद्रांचे स्लॉट पटकावत होती आणि गाडी काढून लस टोचून येत होती. त्या गावातला गडी रांगेच्या बाहेर उभा राहून बघत होता. जगाच्या पातळीवरही तेच. पुण्यात बनणारी लस कोवॅक्स या गरीब देशांना लस पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनेतून आफ्रिकेत जायची होती. आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली. त्या वेळी आपली गरज खरी होती. मी त्या निर्णयाला नावं ठेवणार नाही. पण एका कारखान्यावर अर्ध्या जगाच्या गरिबांना टांगून ठेवायचं, ही योजनाच चुकीची होती. श्रीमंत देश तेव्हा आपापल्या नागरिकांना पुरून उरतील इतके डोस आरक्षित करून बसले होते. २०२१ संपताना सर्वांत गरीब देशांत दहातल्या जेमतेम एकाला पहिला डोस मिळाला होता.

कुणी म्हणेल, झालं गेलं, आता धडा घेतला आहे. घेतला का? ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळं. तेव्हा कुठलीही साथ नव्हती. दूरदूरहून, शेवटच्या अवस्थेत रुग्ण आमच्याकडे येतात, असा प्रशासनाचा खुलासा होता. तो खोटा मानायचं कारण नाही, आणि नेमकी तीच तक्रार आहे. रुग्ण शेवटच्या अवस्थेत का येतात? कारण पाड्यावर, उपकेंद्रात, तालुक्याला त्यांना कुणी अडवून उपचार केलेले नसतात. उद्या नवा विषाणू आला तर तोही याच रस्त्यानं, याच रेफर चिठ्ठ्या घेऊन, शेवटच्या अवस्थेतच मेडिकल कॉलेजात पोचणार. तोवर तो वाटेतल्या प्रत्येक वडापमध्ये, प्रत्येक ओपीडीच्या रांगेत बसून आलेला असेल.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं लिहून दिलं होतं. मुदत २०२५ ची होती. ती उलटून गेली आणि आपण अजून त्या रेषेच्या बरेच खाली आहोत.

मग आपण काय करू शकतो? प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीतून जनसुनवाया झाल्या आहेत. लोकांनी भर सभेत रिकाम्या पदांचा आणि संपलेल्या औषधांचा हिशेब मागितला आहे आणि काही ठिकाणी तो मिळालाही आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न लेखी द्या: आपल्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि रिकामी आहेत ती कधीपासून? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. मत मागायला जो दारात येईल, त्याच्या हातात त्या इतिवृत्ताची प्रत ठेवा. हे साथ नसतानाच करायचं आहे.